वू-टँगचा 'द डब्ल्यू': 'ग्रॅव्हल पिट'नं झाकून टाकलेला अल्बम

वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप ग्रुपचा विषय निघाला की गाडी १९९३ च्या 'एंटर द वू-टँग (३६ चेंबर्स)'वर जाऊन थांबते, फार फार तर १९९७ च्या 'वू-टँग फॉरेव्हर'पर्यंत सरकते, आणि त्यापुढचं सगळं 'हां, मग घसरले ते' एवढ्यात निकालात निघतं. या घाईत सगळ्यात जास्त अन्याय झालाय तो नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या 'द डब्ल्यू'वर. माझं मत सरळ सांगतो, अख्ख्या ग्रुपने मिळून केलेल्या अल्बम्समध्ये '३६ चेंबर्स'च्या खालोखाल हाच येतो, 'फॉरेव्हर' याच्याही मागे. ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांनी आधी एकदा सलग ऐकावा आणि मग खुशाल घालाव्यात.

आणि हो, तेव्हा रिव्ह्यू वाईट आले होते असंही काही नाही, बऱ्यापैकी चांगले होते. बिलबोर्डवर पाचव्या नंबरवर एंट्री झाली, प्लॅटिनम पण झाला. म्हणजे फ्लॉप वगैरे अजिबात नाही. फक्त लोकांच्या डोक्यातून निघून गेला. आज कुणी वू-टँगची टॉप गाणी काढायला बसलं तर या अल्बममधलं एकच गाणं त्यात घुसतं, 'ग्रॅव्हल पिट', आणि खरी गोची तिथेच आहे.

'ग्रॅव्हल पिट' आठवतंय ना, तो व्हिडिओ, सगळे अश्मयुगात गेलेत, डायनासोर, कातड्याचे कपडे, नाचणाऱ्या पोरी, आणि ग्रुपमधला मेथड मॅन एकदम मजेत. गाणं भन्नाट आहे, त्यात वाद नाही. इंग्लंडमध्ये तर टॉप टेनमध्ये गेलं होतं. पण ज्याने हे एवढंच ऐकलं त्याला वाटणार की वू-टँगने पार्टी अल्बम काढलाय. त्या भरवशावर सीडी विकत घेतली असेल तर बिचाऱ्याचं काय झालं असेल, कारण हे गाणं तेरापैकी बाराव्या नंबरवर येतं आणि त्याच्या आधीची अकरा गाणी त्याच्याशी ओळखसुद्धा दाखवत नाहीत. त्या अकरांमध्ये भीती आहे, थकवा आहे, मेलेल्यांची यादी आहे, झोप न येणं आहे. वू-टँगचा सगळ्यात उदास अल्बम त्यांच्या सगळ्यात गमतीशीर गाण्याने विकला, आणि मग ज्यांना उदास हवं होतं ते फिरकलेच नाहीत आणि ज्यांना मजा हवी होती ते एका गाण्यावर थांबले.

थोडं मागे जाऊ, नाहीतर हे थकवा वगैरे प्रकरण कळणार नाही. 'फॉरेव्हर' आला जून १९९७ ला, दोन सीडी, जवळजवळ दोन तास, थेट एक नंबरवर. सुरुवातच सहा-साडेसहा मिनिटांच्या भाषणबाजीने, त्यात गाण्याचा पत्ता नाही. त्यात 'ट्रायम्फ' आहे, ग्रुपमधल्या इन्स्पेक्टा डेकचा तो सुरुवातीचा व्हर्स (रॅपचं कडवं) आहे, कुणी नाकारणार नाही. पण दोन तास म्हणजे दोन तास, त्यात भरती किती हे फॅनला पण माहितीये, फक्त बोलत नाही कुणी. आणि त्यानंतर १९९८-९९ मध्ये ग्रुपमधल्या एकेकाच्या सोलो अल्बम्सची अशी काही रांग लागली की विचारू नका. मेथड मॅनचा 'टिकल २०००', ग्रुपचं संगीत करणाऱ्या रिझाचा 'बॉबी डिजिटल', जिझाचा 'बिनीथ द सरफेस', डेकचा 'अनकंट्रोल्ड सबस्टन्स', रेक्वॉनचा 'इमोबिलॅरिटी', यू-गॉडचा, ओडीबीचा (ओल डर्टी बास्टर्ड). वर त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांचे वेगळे. दुकानात जिकडे बघावं तिकडे वू-टँगचा तो पिवळ्या डब्ल्यूचा लोगो. सगळे वाईट नव्हते, पण रिझाचा हात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नव्हताच किंवा नावापुरता होता, आणि तो स्वतः तेव्हा कीबोर्डवरच्या बॉबी डिजिटल साउंडमध्ये रमलेला. वू-टँग संपलं असं लोक उघड बोलत होते.

मग फेब्रुवारी २००० ला ग्रुपमधल्याच गोस्टफेसचा 'सुप्रीम क्लिएंटेल' आला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. हा पण एक लोचाच झाला 'द डब्ल्यू'साठी. त्या वर्षीचं वू-टँगच्या वाट्याचं सगळं कौतुक गोस्टफेसच घेऊन गेला, आणि बाहेर बघावं तर मे महिन्यात एमिनेमचा 'मार्शल मॅथर्स', ऑक्टोबरच्या शेवटी आउटकास्टचा 'स्टँकोनिया', त्याच दिवशी जे-झीचा 'द डायनेस्टी'. सगळं हिप-हॉप चकाचक, महागडं, पुढच्या शतकात पोचलेलं, आणि त्यात हे लोक धुळीने माखलेली जुनी सोल रेकॉर्ड घेऊन आले.

आता आवाजाबद्दल. रिझाने इथे कीबोर्डचा चकचकाट बाजूला ठेवला आणि परत सॅम्पलकडे, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधले तुकडे घेऊन गाणं बांधण्याकडे वळला, पण '३६ चेंबर्स'ची नक्कल करत बसला नाही. मधल्या काळात १९९९ ला त्याने जिम जार्मुशच्या 'घोस्ट डॉग' सिनेमाचं संगीत केलं होतं, त्याचा परिणाम इथे मला तरी स्पष्ट दिसतो, म्हणजे जागा सोडायला शिकलाय माणूस. 'केअरफुल (क्लिक, क्लिक)' घ्या. दुसरंच गाणं. त्यात चाल म्हणावी असं जवळपास काहीच नाही, ठोके आहेत, खटखट आहे, मध्येच काहीतरी वाजतं आणि गायब होतं, आणि सहा जण येऊन रॅप करून जातात, पण आधार घ्यायला खाली सूरच नाही. पहिल्यांदा ऐकताना वाटतं स्पीकरची एक वायर निघालीये की काय. अंधाऱ्या जिन्यात कुणीतरी आहे का नाही याचा अंदाज घेत चढावं तसं ऐकावं लागतं ते गाणं. त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही मोठ्या ग्रुपने अल्बममध्ये दोन नंबरला असं काही ठेवायची हिंमत केली नसती, रेकॉर्ड कंपनीने ऐकून पहिला प्रश्न हाच विचारला असता की हे पूर्ण झालंय का.

आणि मग लगेच 'हॉलो बोन्स'. इथे अल्बम खरा सुरू होतो असं मी म्हणेन. खाली सिल जॉन्सनचं 'इज इट बिकॉज आय'म ब्लॅक' आहे, १९६९ चं, शिकागोचा सोल गायक, रिझाचा जुना आवडता, '३६ चेंबर्स'मध्ये पण त्याचं सॅम्पल आहेच. मूळ गाण्यात माणूस सरळ विचारतोय की मला अडवलं जातंय ते मी काळा आहे म्हणून का. रिझाने त्यातली ती ओढलेली कण्हण्यासारखी हाक घेतलीये, आणि ती रॅपच्या मध्ये सारखी सारखी येत राहते. रेक्वॉन, डेक, गोस्टफेस, तिघंही रस्त्यावरच्या गोष्टी सांगतायत, नेहमीचंच, गोळ्या, पळापळ, पैसा. पण मागून ती हाक येतेय त्यामुळे फुशारकीची सगळी हवाच जाते. रॅपर सांगतोय मी कसा वाचलो आणि सिल जॉन्सन मागून रडतोय की वाचून तरी काय मिळालं. १९९३ ला हेच तिघं हेच किस्से सांगत होते तेव्हा अंगात यायचं ऐकताना, इथे छातीवर काहीतरी बसल्यासारखं होतं. आणि साडेतीन मिनिटांच्या आसपास संपतं पण, उगाच ताणलेलं नाही.

पण या अल्बमचा खरा जीव नऊ नंबरला आहे, 'आय कान्ट गो टू स्लीप'. यावर मी जरा जास्त बोलणारे, सहन करा.

सोल गायक आयझॅक हेजने १९६९ मध्ये 'हॉट बटर्ड सोल' या अल्बमवर 'वॉक ऑन बाय' केलं होतं. मूळ गाणं बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचं, डिऑन वॉरिकने १९६४ ला गायलेलं, तीन मिनिटांचं सुबक गाणं. हेजने ते ताणून बारा मिनिटांचं केलं, व्हायोलिन, फझ गिटार, सगळा संसार उद्ध्वस्त झाल्यासारखं. हिप-हॉपवाल्यांनी हे गाणं चिक्कार वापरलंय, सगळ्यात माहितीतलं म्हणजे रॅपर नटोरियस बी.आय.जी. उर्फ बिगीचं १९९४ चं 'वॉर्निंग', त्यात पण बघा, भल्या पहाटे पेजर वाजतो आणि झोपमोड होते. तिथे त्या तुकड्यातून धोक्याचा माहोल तयार होतो, पुढे बंदुका निघणार हे कळतं.

रिझाने काय केलं, तर जवळपास काहीच केलं नाही. तुकडा मोठाच्या मोठा घेतला आणि चालू दिला. यावर तेव्हापासून लोक म्हणतात की आळशीपणा आहे, कष्ट घेतले नाहीत, ड्रम कुठेत. मला हे पटत नाही. ती व्हायोलिन कापून चार सेकंदांचा लूप, म्हणजे सारखा फिरणारा तुकडा, केला असता तर ते परत 'बीट' झालं असतं, त्यावर माणूस रुबाबात रॅप करतो. इथे ती मोकळी वाहतायत आणि त्यावर गोस्टफेस येतो तो चक्क रडत. म्हणजे रडवेला आवाज काढून वगैरे नाही, आवाज फाटतोय, शब्द एकमेकांवर आदळतायत, श्वास पुरत नाहीये. गोस्टफेस तसा कायमच वरच्या पट्टीत बोलणारा माणूस, पण एरवी त्यात एक जोश असतो, इथे तो जोश सोडून बाकी सगळं आहे.

मग रिझा येतो आणि तो तर यादीच वाचतो. त्याला झोप येत नाही कारण डोळे मिटले की एकेक जण दिसतोय. फाइव्ह पर्सेंट नेशन ही काळ्यांची धार्मिक चळवळ ज्याने सुरू केली तो क्लॅरेन्स १३एक्स, १९६९ ला हार्लेममध्ये गोळ्या घातल्या. माल्कम एक्स, स्वतःच्या लेकरांसमोर. मार्टिन ल्यूथर किंग, बाल्कनीत. काळ्यांचा पुढारी मार्कस गार्व्ही, त्याला अमेरिकेबाहेर काढलं. हे सगळं तो एखाद्या इतिहासाच्या मास्तरसारखं सांगत नाही, घरातल्या माणसांची नावं घ्यावीत तसं घेतो, जणू कालच झालंय. ज्या माणसाने कुंग-फू सिनेमे, बुद्धिबळ, आकडेमोड, तत्त्वज्ञान असल्या सगळ्या चिलखतामागे राहून अख्खं साम्राज्य उभं केलं तो इथे चिलखत काढून बसलाय.

आणि आता बघा काय होतं. या दोघांच्या मध्ये खुद्द आयझॅक हेज येतो. सॅम्पल नाही, माणूस स्वतः, २००० सालचा, आपल्याच एकतीस वर्षांपूर्वीच्या गाण्यावर नव्या ओळी गायला. आणि तो काय सांगतो तर रडणं थांबवा, माणसासारखं उभं राहा, ताकद तुमच्याच हातात आहे. खालच्या व्हायोलिनमध्ये तरुण हेज अजून त्या सोडून गेलेल्या बाईसाठी झुरतोय आणि वर म्हातारा हेज पोरांना दटावतोय. हिप-हॉपमध्ये जुन्या सोलवाल्यांना बोलावून हुक गाऊन घ्यायची पद्धत आहेच, पण बहुतेक वेळा ते सजावटीपुरतं असतं. इथे हेज घरातल्या मोठ्या माणसाच्या अधिकाराने बोलतोय. आणि गंमत म्हणजे त्याच्या दटावण्याचा काहीही उपयोग होत नाही. पोरं ऐकत नाहीत, गाणं तसंच जागं राहतं. मला वू-टँगच्या सगळ्या कामातून एकच गाणं निवडायला सांगितलं तर मी हे निवडीन, आणि '३६ चेंबर्स'मधल्या 'क्रीम'वाल्यांशी भांडायला तयार आहे.

बाकीचं जरा पटापट.

'वन ब्लड अंडर डब्ल्यू' हे ग्रुपमधल्या मास्टा किलाचं गाणं आहे, एकट्याचं, सोबत जमैकाचा ज्युनियर रीड, एकेकाळी ब्लॅक उहुरू या रेगे बँडमधला, स्वतःचंच जुनं 'वन ब्लड' घेऊन आलेला. आता हे लक्षात घ्या की '३६ चेंबर्स'मध्ये मास्टा किलाला अख्ख्या अल्बममध्ये एकच व्हर्स मिळाला होता. सात वर्षांनी तोच माणूस एकटा गाणं ओढतोय आणि त्याच्या त्या संथ, सपाट, अजिबात घाई नसलेल्या आवाजाला रीडची वरची आरोळी इतकी शोभते की कुणाला सुचलं असेल ते असं वाटतं. शेवटचं 'जाह वर्ल्ड' पण रीडसोबतच आहे आणि ते 'ग्रॅव्हल पिट'च्या लगेच नंतर येतं. हा क्रम कुणी ठरवला माहीत नाही पण डायनासोर आणि नाचगाणं संपतं न संपतं तोच रिझा आणि गोस्टफेस परत रडवेले होऊन हजर, एकदम प्रार्थना म्हटल्यासारखं गाणं. पार्टीला आलेला माणूस तिथेच उठून गेला असणार.

'रेडबुल'मध्ये रेडमन आहे, मेथड मॅनसोबत, दोघांचा 'ब्लॅकआउट!' एक वर्ष आधीच येऊन गेलेला, जमलेली जोडी, मजा येते, पण या अल्बममध्ये ते गाणं पाहुण्यासारखं वाटतं. 'द मॉन्युमेंट'मध्ये बस्टा राइम्स, रेक्वॉन आणि जिझा, छोटं आणि दणकट, जिझा नेहमीप्रमाणे कमीत कमी शब्दांत काम करून मोकळा. नॅस असलेलं जे गाणं आहे ते चांगलंच आहे, रेक्वॉन आणि नॅस रेक्वॉनच्याच १९९५ च्या 'क्यूबन लिंक्स'मध्ये भेटले होते तेव्हाची ठिणगी शोधू नका, पण नॅस त्या काळात स्वतःच्या अल्बममध्ये जे करत होता त्यापेक्षा इथे कितीतरी बरा आहे. 'डू यू रियली'चं संगीत ग्रुपच्या डीजे मॅथमॅटिक्सने केलंय, अल्बममधलं रिझाने न केलेलं एकच गाणं, आणि योगायोग बघा की ज्या अल्बमचं नाव 'द डब्ल्यू' त्यातलं ते एक गाणं ज्याने तो डब्ल्यूचा लोगो काढला त्याच माणसाचं. गाणं ठीक आहे. लोगो जास्त चांगला आहे.

तक्रारी आहेतच. 'कंडिशनर' मला कधीच पटलं नाही. ओडीबी आणि स्नूप डॉग, कागदावर वाचून तोंडाला पाणी सुटतं, प्रत्यक्षात गाणं अर्धवट सोडून दिल्यासारखं आहे. त्याला कारण पण आहे, ओडीबी तेव्हा कोर्टाच्या भानगडीत पुरता अडकला होता, आणि अल्बमभर तो एवढ्या एकाच गाण्यात सापडतो. हा तोच काळ जेव्हा तो कॅलिफोर्नियातल्या रिहॅबमधून पळाला, महिनाभर पोलीस शोधतायत आणि हा बाबा न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीन बॉलरूममध्ये वू-टँगच्या शोला सगळ्यांसमोर स्टेजवर आला, गायला आणि निघून पण गेला. पुढे काही दिवसांनी फिलाडेल्फियात एका मॅकडोनाल्ड्सबाहेर पकडला गेला. किस्सा म्हणून लोक हसून सांगतात. पण अल्बम ऐकताना त्याची जागा रिकामी आहे हे सतत जाणवतं, कारण वू-टँगमधला वेडेपणा तोच आणायचा आणि तो नसल्यामुळे उरलेले आठ-नऊ जण फारच गंभीर होऊन बसलेत. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला, छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. त्याच्या हयातीत त्याचा आवाज असलेला ग्रुपचा शेवटचा अल्बम हाच, आणि त्यात त्याच्या वाट्याला आलेलं एकुलतं एक गाणं हे असं.

दुसरी तक्रार, 'प्रोटेक्ट या नेक (द जम्प ऑफ)'. पहिल्या सिंगलचं नाव परत वापरलंय, जवळपास सगळे रांगेत येऊन एकेक व्हर्स मारून जातात. वाईट नाही, उलट जोरदार आहे, पण हे गाणं '३६ चेंबर्स'ची आठवण काढणाऱ्यांच्या समाधानासाठी आहे हे लपत नाही, आणि जो अल्बम बाकी ठिकाणी मागे वळून बघायला नकार देतो त्यात हे जरा खटकतं.

आणि पाहुणे. जुने फॅन यावरच सगळ्यात जास्त चिडतात, की पहिल्या अल्बममध्ये बाहेरचं कुणी नव्हतं आणि इथे स्नूप, नॅस, बस्टा, रेडमन, सगळा गाव गोळा केलाय. मुद्दा अर्धा बरोबर आहे. स्नूप नसता तर काही बिघडलं नसतं. पण हेज आणि ज्युनियर रीड काढा आणि मग अल्बम ऐकून दाखवा. रॅपर पाहुण्यांमुळे गाण्यांना फार फरक पडला नाही, गायक पाहुण्यांनी मात्र अल्बमचा रंगच ठरवला, हा फरक करायला हवा.

तेरा गाणी, तासाभराचा मामला, 'फॉरेव्हर'च्या निम्मा. नवीन कुणी ऐकणार असेल तर माझा सल्ला, शफल बंद करा, 'ग्रॅव्हल पिट'ने सुरुवात करू नका, पहिल्यापासून लावा, 'कंडिशनर' आलं की बिनधास्त पुढे ढकला, आणि 'केअरफुल'ला कंटाळून बंद केलं तर निदान थेट 'हॉलो बोन्स'वर उडी मारा. शक्यतो हेडफोनवर, कारण फोनच्या स्पीकरवर रिझाने सोडलेल्या मोकळ्या जागा ऐकूच येत नाहीत, सगळं नुसतं पातळ वाटतं. त्यानंतर डिसेंबर २००१ चा 'आयर्न फ्लॅग' ऐकावासा वाटला तर ऐका, त्यात ओडीबी अजिबातच नाही, पण जोश बऱ्यापैकी आहे आणि दोन-तीन गाणी मस्त आहेत, 'द डब्ल्यू'मधलं जागरण मात्र त्यात शोधू नका.